आधी कुंपण, मग पाणी

तू मला पोहण्याच्या पुलांचे फोटो पाठवलेस आणि खाली पहिलीच ओळ लिहिलीस, "बाई, यातला कोणता घेऊ? सेल रविवारी संपतोय." उत्तर देते. पण आधी चार शब्द ऐकून घे, आणि ते गोड नसतील.

त्या फोटोंत पुलाचा निळा रंग दिसतो, शिडी दिसते, पाण्यात खिदळणारी मुलं दिसतात. तुझं अंगण एकाही फोटोत नाही. जमीन कुठे उतरते, झाड किती जवळ आहे, वीज कुठून येणार, कुंपण आहे की नाही, कशाचाही पत्ता नाही. घरात अडीच वर्षांची मुलगी आहे, तिचा विचारही त्यात दिसत नाही. अमेरिकेत, एडिसनमध्ये स्वतःचं घर झालं, मला आनंद आहे. उन्हाळ्यात मुलांनी पाण्यात खेळावं असं वाटलं, तेही योग्यच. पण घरामागे हजारो गॅलन पाणी साठवायला निघालास आणि पहिला विचार केलास तो किमतीचा! आधी कळस मग पाया ही तुझी जुनी खोड आहे. प्रयोगवहीत तू निष्कर्ष आधी लिहायचास आणि निरीक्षणं नंतर जुळवायचास. तेव्हा मी वही परत देत असे. आताही तेच करते आहे.

तुझा दुसरा प्रश्न, "डेकवर ठेवला तर चालेल का?" हा वाचून मला खरंच राग आला, कारण याचं उत्तर तुला येतं. एक घनमीटर पाणी म्हणजे १,००० लिटर आणि १,००० लिटर म्हणजे १,००० किलो. हे तू आठवीत शिकलास. कागद घ्यायचास आणि गुणाकार करायचास. १५ फूट व्यासाच्या गोल पुलात साडेतीन फूट पाणी भरलं तर ते सुमारे १७,५०० लिटर होतं, म्हणजे साडेसतरा टन. तुला जो २४ फुटी पूल आवडलाय त्यात चार फूट पाणी भरलंस की ५१ टन झाले. अमेरिकेत घराचा लाकडी डेक साधारणपणे चौरस फुटाला ४० पौंड भार धरून बांधतात. चार फूट पाण्याचा भार चौरस फुटाला २५० पौंड पडतो. सहा पटींहून जास्त. हा हिशोब करायला तुला पाच मिनिटं लागली नसती, आणि न करता पूल डेकवर चढवला असतास तर तो डेक मुलांसकट खाली आला असता.

नाशिकला तुझा भाऊ गच्चीवर असाच पूल मांडायचं म्हणतोय, असंही तू लिहिलंस. त्यालाही हे वाचून दाखव. आपल्याकडे घरांवरचा भार धरण्यासाठी आयएस ८७५ हे मानक आहे. माणसांनी वापरायच्या गच्चीसाठी ते चौरस मीटरला सुमारे १५० किलो धरतं. दोन फूट पाणी चौरस मीटरला ६०० किलो होतं. "लग्नात गच्चीवर पन्नास माणसं नाचली, काही झालं नाही," असं तो म्हणेल. माणसं रात्री घरी जातात. पाणी महिनोन्‌महिने तिथेच बसून राहतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय गच्चीवर पूल नाही म्हणजे नाही.

आता जमिनीचं. "अंगण थोडं उतरतं आहे, पण खालच्या बाजूला माती टाकून घेईन," असं तू लिहितोस. नाही. भर घातलेली माती पाण्याच्या वजनाखाली दबते आणि पूल त्या बाजूला कलतो. उंच बाजू खोदून खाली आणायची, सखल बाजू भरायची नाही, हा नियम आहे. कलण्याने काय होतं तेही ऐक. पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो, पण भिंतीवरचा एकूण जोर खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चार फूट पाणी भिंतीच्या प्रत्येक फूट लांबीवर सुमारे ५०० पौंडांनी, म्हणजे सव्वादोनशे किलोंनी बाहेर रेटत असतं. एका बाजूला पाणी तीन इंचांनी जास्त खोल झालं की त्या बाजूचा जोर साधारण आठव्या हिश्श्याने वाढतो, आणि तो रोज, दिवसरात्र त्याच बाजूला पडत राहतो. शिवाय पूल जितका रुंद, तितका त्याच खोलीला भिंतीतला ताण जास्त. म्हणून "मोठाच घेऊ, पैसे वसूल होतील" हा विचार डोक्यातून काढून टाक. मोठ्या पुलाला चुका कमी माफ होतात.

जमीन सपाट आहे की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नकोस. आपल्याकडचे गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढतात, तीच पद्धत वापर. नळीत एकही बुडबुडा राहू देऊ नकोस. एक टोक मधल्या खुंटीला धर, दुसरं टोक कडेच्या प्रत्येक खुंटीला लावत जा आणि पाण्याची पातळी जिथे येते तिथे खूण कर. सगळ्या व्यासात फरक एका इंचाच्या आत आला पाहिजे. गवत उपटून टाक, दगड आणि मुळ्या वेचून काढ. आपल्या नागरमोथ्याच्या कुळातलं गवत तुझ्याकडेही उगवतं. त्याचे कोंब प्लास्टिकचा लायनर भेदून वर येतात. मग साफ केलेल्या जमिनीवर माती चाळून पसर, ठोकून घे. झाडाखाली जागा धरू नकोस. पाणी भरायला लागलास की दोन इंच झाल्यावर नळ बंद कर आणि वाकून बघ. पाणी एका कडेला जास्त चढलेलं दिसलं, तर सगळं काढून पुन्हा जमीन कर. दोन इंच पाणी काढायला त्रास होतो म्हणून तसंच पुढे भरलंस, तर पुढचा त्रास सतरा टनांचा असेल.

आणि खोदण्याआधी ८११ वर फोन कर. तुमच्याकडे ही सोय फुकट आहे. ते येऊन जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या वाहिन्यांवर खुणा करून जातात. फावडं मारल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. इथपर्यंत मी रागावले होते, इथून पुढे मला भीती वाटते.

अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बुडणं हे आहे. आजार नाही, मोटार नाही, बुडणं. तिथले बालरोगतज्ज्ञ ही गोष्ट पालकांना सांगत असतात. तुला ती ऐकायला मिळाली नसेल असं मी मानत नाही. तू ऐकलीस आणि ती दुसऱ्यांच्या मुलांबद्दल आहे असं समजलास.

तू लिहिलंस, "पुलाची भिंतच चार फूट उंच आहे, मुलगी चढूच शकणार नाही." मग हे वाच. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने बेस्टवे, इंटेक्स आणि पॉलिग्रुप या तीन कंपन्यांचे मिळून सुमारे ५० लाख पूल रिकॉल केले. हे सगळे ४८ इंच किंवा त्याहून उंच होते, तुला आवडलेल्या जातीचे. दोष कुठे होता? या पुलांच्या उभ्या पायांच्या बाहेरून, पुलाला वेढा घालून एक पट्टा जातो. भिंत आवळून धरण्यासाठी तो असतो. त्या पट्ट्यावर लहान पाऊल टेकतं. मूल एक पाय पट्ट्यावर ठेवतं, दोन्ही हात वरच्या कडेला टाकतं, अंग वर खेचतं आणि डोकं जड असल्यामुळे पलीकडे पाण्यात पडतं. २००७ ते २०२२ या काळात अशी नऊ मुलं गेली, असं आयोगाचं म्हणणं आहे. त्यांची वयं २२ महिने ते ३ वर्षं होती. तुझी मुलगी अडीच वर्षांची आहे. हे दोन आकडे शेजारी लिहून भिंतीवर लाव.

फोटोंबरोबर तू "सेकंडहँड, जवळजवळ नवा, अर्ध्या किमतीत" म्हणून एक पूल पाठवलास. त्याच्या पायांवरून तो पट्टा जाताना मला फोटोतसुद्धा दिसला. रिकॉल झालेली वस्तू विकणं तिथे बेकायदा आहे, जुनी असली तरी. विकणाऱ्याला ते ठाऊक नसेल, पण विकत घेणाऱ्या बापाने मॉडेल नंबर तपासायला नको? ज्यांच्या घरी असा पूल उभा आहे, त्यांना कंपनीकडून दुरुस्तीचं किट मोफत मिळतं. त्यात पट्ट्याऐवजी पायांभोवती बांधायची दोरी असते. ती बसवली की मगच पट्टा कापायचा. तुझ्या ओळखीत कोणाकडे असा पूल असेल तर आजच सांग.

पट्टा नसला तरी काम संपत नाही. पंप भिंतीला चिकटून ठेवलास तर तो पायरी होतो. खुर्ची, कुंडी, खेळण्यांचा खोका, उलटी बादली, सगळं पायरी होतं. शिडी लावून ठेवलीस तर चार फूट भिंतीला काहीच अर्थ उरत नाही. शिडी काढता येणारी किंवा कुलूप लागणारी हवी, आणि शेवटचं माणूस बाहेर आलं की ती त्याच क्षणी निघाली पाहिजे. "जेवून येतो मग काढतो" हे चालणार नाही.

म्हणून कुंपण. चारही बाजूंनी. घराची मागची भिंत ही चौथी बाजू धरायची नाही, कारण त्या भिंतीत सरकता दरवाजा आहे आणि मूल तिथूनच बाहेर पडतं. किमान ४८ इंच उंच, उभ्या गजांमधलं अंतर चार इंचांपेक्षा कमी, पाय ठेवायला आडवी पट्टी नाही. फाटक आपोआप मिटणारं, आपोआप खटका बसणारं, पुलापासून दूर बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि खटका जमिनीपासून ५४ इंचांवर. अमेरिकेतल्या बहुतेक गावांत २४ इंचांहून खोल पाण्याला परवाना आणि अडथळा लागतोच. तुमच्या टाउनशिपच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला फोन कर आणि कागदावर नियम घे. घरं एखाद्या असोसिएशनखाली असतील तर त्यांचे नियमही वाच. कित्येक ठिकाणी जमिनीवरचे पूल चालतच नाहीत. विमा कंपनीलाही कळव. शेजाऱ्याचं मूल तुझ्या अंगणात शिरलं तरी जबाबदारी तुझ्यावर येऊ शकते.

कुंपणाचा खर्च पुलाच्या किमतीपेक्षा जास्त येतो म्हणून तू कुरकुरशील. येऊ दे. कुंपण परवडत नसेल तर पूल परवडत नाही.

आणि कुंपणानंतरही डोळे लागतात. बुडणारं लहान मूल हाका मारत नाही, हातपाय आपटून आवाज करत नाही. तोंड पाण्याखाली गेलं की ओरडायला श्वासच नसतो. गावाकडे पोरं पाठीला पांगाऱ्याचं लाकूड बांधून विहिरीत पोहायला शिकायची, तेव्हा एक जाणतं माणूस काठावर उभं असायचं आणि त्याचं दुसरं काही काम नसायचं. तुमच्या पार्ट्यांमध्ये दहा मोठी माणसं पुलाभोवती उभी असतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. म्हणून पाळी लावा. ज्याची पाळी, त्याने फोन घरात ठेवायचा, गप्पा मारायच्या नाहीत, हातात बिअर घ्यायची नाही. अडीच वर्षांचं मूल हाताच्या अंतरावर असलं पाहिजे. दंडावरचे फुगे हे खेळणं आहे, त्यांच्या भरवशावर मूल सोडू नकोस. मोठा मुलगा आणि धाकटी, दोघांनाही पोहण्याच्या क्लासला घाल, आणि तुम्ही दोघं नवराबायको सीपीआर शिका. मुलाला सूर मारायला परवानगी नाही, चार फुटांत कधीच नाही. डोकं तळाला आपटून मान मोडू शकते.

आता पाण्याचं. गावात विहिरीत टीसीएल पावडर टाकायला ग्रामपंचायतीचा माणूस यायचा, ते तू पाहिलं आहेस. तिथे तो माणूस तूच आहेस. मोकळं क्लोरीन लिटरला किमान एक मिलिग्रॅम, म्हणजे एक पीपीएम. उन्हात टिकावं म्हणून सायन्युरिक आम्ल घातलेलं असेल तर किमान दोन. पीएच ७ ते ७.८ च्या दरम्यान. हे रोज तपासायचं, मुलं उतरण्यापूर्वी. भर उन्हात साधं क्लोरीन काही तासांत उडून जातं, त्यामुळे "परवाच टाकलं होतं" याला काही किंमत नाही. आणि पुलाला उग्र वास येतो म्हणजे क्लोरीन भरपूर आहे, असं समजू नकोस. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन तो वास येतो. वास वाढला म्हणजे बहुधा मोकळं क्लोरीन कमी पडलं आहे.

रसायनांची दोन पथ्यं पाठ कर. रसायन पाण्यात टाकायचं, रसायनावर पाणी ओतायचं नाही. आणि दोन प्रकारची क्लोरीनं कधीही एकत्र करायची नाहीत, एकाच मापाने काढायचीही नाहीत. कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि ट्रायक्लोर एकत्र आले की आग लागते, स्फोट होतो. क्लोरीन आणि आम्ल एकत्र आले की विषारी वायू निघतो. हे डबे कुलपात, कोरड्या जागी, वेगवेगळे ठेव.

पुलाबरोबर येणाऱ्या पंपाकडे तू पाहिलंही नाहीस. पुलातलं सगळं पाणी साधारण आठ तासांत एकदा फिल्टरमधून गेलं पाहिजे. १५ फुटी पुलात सुमारे ४,६०० गॅलन पाणी असेल, तर पंपाने तासाला किमान ५८० गॅलन खेचायला हवेत, आणि फिल्टर मळला की तो त्याहून कमी खेचतो. हा भागाकार करून मगच पंप निवड. वीज लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून घे. गळती होताच प्रवाह तोडणारं जीएफसीआय आउटलेट हवं, एक्स्टेन्शन कॉर्ड गवतातून ओढायची नाही, आणि पुलावरून विजेच्या तारा जात असतील तर ती जागाच सोडून दे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पहिला पूल म्हणून हवा भरायची कड असलेला पूल घेऊ नकोस. कड मऊ असते, मूल तिच्यावर रेलतं आणि तोंडावर आत पडतं. पक्क्या भिंतीचा स्टीलचा किंवा रेझिनचा पूल चांगला टिकतो, पण तो एकदा उभा केला की हलत नाही. त्याला डेक, लायनर बदलणं, हिवाळ्याचं झाकण, सगळं लागतं. तो हिवाळ्यात रिकामाही करायचा नसतो. पाणी स्किमरच्या खाली आणून झाकायचा असतो. खाऱ्या पाण्याची यंत्रणा लावायची असेल तर स्टील गंजतं, तिथे रेझिन बरं. तुझी नोकरी कधी कुठे नेईल सांगता येत नाही आणि धाकटीला पोहता येत नाही. तेव्हा तुझ्यासाठी धातूच्या फ्रेमचा, १५ फुटांचा, बाहेरून पट्टा नसलेला, काढता येणारी शिडी असलेला, तासाला पुरेसं पाणी खेचणाऱ्या पंपाचा पूल. सप्टेंबर संपता संपता तो रिकामा कर, पूर्ण वाळव, घडी घालून घरात ठेव. ओला गुंडाळलास तर बुरशी धरेल. २४ फुटीचा विचार धाकटी पोहायला शिकल्यावर.

पण तोही या रविवारी नाही. आधी टाउनशिपचा परवाना, मग जमीन, मग कुंपण, मग वीज, आणि सगळ्यात शेवटी पूल. सेल पुन्हा लागतील. तुम्हा दोघांपैकी एकाला मुलं पाण्यात असेपर्यंत दुसरं काहीही न करता काठावर उभं राहता येणार नसेल, तर यंदा पूल घेऊ नकोस. मुलांना गावाच्या सार्वजनिक पुलावर ने. तिथे लाइफगार्ड असतो.